ओडीला हप्ता लावा

पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, तरी खात्यातली शिल्लक उणेच दिसते, अशा घरांसाठी हे लिहितो आहे. झेडपीचे शिक्षक, नगरपालिकेतले लिपिक, एसटीचे वाहक, कारखान्यातले कायम कामगार असे कितीतरी लोक आहेत, ज्यांच्या पगाराच्या भरवशावर बँकेनं ओव्हरड्राफ्टची मर्यादा मंजूर केली आहे. बोलताना सगळे ‘ओडी’ म्हणतात. घेताना बहुतेकांकडे खरंखुरं कारण होतं. आईचं ऑपरेशन होतं, बहिणीचं लग्न होतं, घरावर स्लॅब टाकायचा होता. त्याला चार-पाच वर्षं उलटली. बहीण आता सुट्टीला मुलं घेऊन माहेरी येते, आणि ओडी मात्र होती तेवढीच आहे, नाहीतर वाढली आहे.

माझं सांगणं थोडक्यात असं. ओडीला हप्ता नसतो, म्हणून ती संपत नाही. तो हप्ता तुम्ही लावायचा, आणि जेवढा फेडला तेवढी मर्यादा बँकेकडून लेखी कमी करून घ्यायची. पुढचं सगळं या दोन गोष्टी जमाव्यात म्हणून.

आधी पासबुक उघडा. मोबाइलवर रोज दिसतो तो एकच आकडा पाहू नका, पूर्ण महिन्याचं पान समोर घ्या. समजा ओडीची मर्यादा १ लाख आहे, व्याज १२ टक्के, आणि महिन्याच्या सुरुवातीला ९०,००० रुपये नावे आहेत. ३ तारखेला पगाराचे ३१,४०० जमा झाले. त्याच दिवशी भाड्याचे ७,००० गेले. ५ तारखेला एटीएममधून १०,००० काढले आणि गाडीचा २,८५० चा हप्ता कापला गेला. १० तारखेला किराण्याचे ४,२००, १७ ला किरकोळ ३,५००, २२ ला दवाखाना आणि औषधं २,३००, २६ ला आणखी १,५००. बेरीज केली तर खर्च ३१,३५० झाला. म्हणजे माणसानं पगारापेक्षा ५० रुपये कमीच खर्च केले. उधळपट्टी कुठेच नाही. पण ३० तारखेला बँकेनं व्याजाचे ८२७ रुपये नावे टाकले आणि शिल्लक झाली ९०,७७७ नावे.

हे पान मी मुद्दाम सावकाश मांडलं. कर्जाच्या टेबलावर बसून मी अशी पानं खूप पाहिली आहेत. समोर बसलेला माणूस प्रामाणिकपणे म्हणायचा, ‘साहेब, सगळा पगार तर ओडीतच जमा होतो, मग कर्ज कमी का होत नाही?’ पगार जमा झाल्यावर दोन दिवस कर्ज साठ-पासष्ट हजारांवर आलेलं दिसतं आणि फेड झाल्यासारखं वाटतं. पण फेड झालेली नसते. तो पगार महिनाअखेरपर्यंत परत बाहेर जायचा असतो. वर व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळतं आणि पुढच्या महिन्यात त्या व्याजावरही व्याज लागतं. वरच्या पानासारखी बारा पानं झाली की ९०,००० चं कर्ज वर्षभरात लाखाच्या मर्यादेला टेकतं. मग बँकेचा फोन येतो, ‘मर्यादा वाढवून देऊ का?’ आणि माणूस सुटका झाल्यासारखा सही करतो.

आता हप्ता किती असावा ते बघू. ९०,००० वर १२ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ढोबळमानानं ९०० रुपये होतं. दरमहा ९०० च भरत राहिलात तर कर्ज जन्मभर तेवढंच राहील. १,००० भरलेत तर फिटायला १९ वर्षं लागतील. २,००० भरलेत तर ५ वर्षं, ३,००० भरलेत तर ३ वर्षं, ४,००० भरलेत तर दोन वर्षं आणि वर एखाद-दोन महिने. हे आकडे कागदावर उतरवून घरात सगळ्यांना दाखवा. दोनाचे तीन हजार केले की दोन वर्षं वाचतात, आणि व्याजात जवळपास साडेबारा हजार रुपये. व्याजापेक्षा थोडंच जास्त भरण्यात काही अर्थ नाही. काही वर्षं ओढाताण सोसायची ठरलीच आहे, तर व्याजाच्या निदान तिप्पट रकमेचा हप्ता ठेवा.

हा तीन हजारांचा हप्ता काढायचा कुठून, हा खरा प्रश्न. पानावर बघा: १० तारखेनंतरचे ‘किरकोळ’ आणि एटीएममधून काढलेले दहा हजार कुठे गेले, हे बहुतेकांना सांगता येत नाही. एक महिना ते लिहून काढा. चहा सोडा, बाहेरचा वडापाव सोडा, असला उपदेश मला करायचा नाही; त्यानं दीड-दोनशे रुपये वाचतात आणि माणूस वैतागतो. मोठ्या रकमा तपासा. महिन्याला सात-आठशेचे चार रिचार्ज आणि वर्गण्या एकाच घरात चालू असतात. दोन गाड्या असतात, त्यातली एक आठवड्यातून एकदा निघते. दोन-दोन पॉलिसींचे हप्ते असतात, ज्या एजंट ओळखीचा म्हणून घेतल्या. आणि आहेर. लग्नसराईत एका महिन्यात पाच-सहा पत्रिका येतात, आणि कर्जात असलेलं घरही आपल्या मानाला शोभेल असाच आहेर करतं. दोन वर्षं आहेर आवरता घ्या. जवळच्या माणसांना तोंडानं सांगा, की सध्या कर्ज फेडतोय. लग्नाच्या आदल्या दिवशी जाऊन भाजी चिरायला बसणारा, पंगतीत वाढायला उभा राहणारा नातेवाईक कुणालाही पाकिटापेक्षा जास्त लागतो.

इथेच एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ओडी घरात लपवू नका. नवऱ्यानं ओडी घेतली आहे आणि बायकोला तिचा आकडा माहीत नाही, अशी घरं फार आहेत. क्वचित उलटंही असतं. ज्या माणसाच्या हातात घरखर्च आहे, त्यालाच ठाऊक नसेल की दरमहा आठशे-नऊशे रुपये नुसते व्याजात जातात, तर तो खर्च कसा आखणार? सांगितल्यावर एक संध्याकाळ वाईट जाते, कधी आठवडा वाईट जातो. पण त्यानंतर फेडणारे दोघं होतात. मुलं आठवी-नववीत असली तर त्यांनाही सांगावं. मुलांना परिस्थिती समजते. त्यांना त्रास होतो तो घरातल्या दबक्या भांडणांचा.

नियोजन करूनही ओडी पुन्हा फुगते ती बहुतेक वेळा वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांनी. जूनमध्ये शाळेची फी, वह्या, गणवेश. मग गणपती, दिवाळी. गाडीचा विमा, घरपट्टी. हे खर्च अचानक येत नाहीत, दरवर्षी ठरल्या महिन्यात येतात, तरी आपण दरवर्षी ते ओडीतूनच भागवतो. त्यांची वर्षाची बेरीज करा आणि बारानं भागा. अठरा हजार होत असतील तर महिन्याला दीड हजार वेगळे ठेवावे लागतील. ओडीचा तीन हजारांचा हप्ता आणि हे दीड हजार मिळून साडेचार हजार झाले. ३१,४०० मधून ते गेले की घर २६,९०० मध्ये चालवायचं. अवघड आहे, मान्य. जमतच नसेल तर हप्ता अडीच हजार करा, पण वर्षखर्चाचे दीड हजार सोडू नका. ते सोडले की जूनमध्ये फेडलेलं सगळं परत नावे पडतं आणि माणसाचा धीर सुटतो.

आता खात्याची रचना. ज्या खात्यात ओडी आहे त्याच खात्यातून भाजी, पेट्रोल, दूध यांचे पैसे देत राहिलात तर हप्ता भरला की नाही हेच कळणार नाही. म्हणून दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं उघडा. किमान शिल्लक ठेवावी न लागणारं मूलभूत बचत खातं प्रत्येक बँकेत मिळतं. पगार मात्र आहे तिथेच येऊ द्या. ओडी घेताना पगार याच खात्यात येईल असं तुम्ही लिहून दिलेलं असतं, कधी कार्यालयाचंही हमीपत्र असतं. तो परस्पर दुसरीकडे वळवला तर बँक ओडी एकदम परत मागू शकते. पगार ओडीत पडला की त्यातून फक्त घरखर्चाची रक्कम आणि वर्षखर्चाचे दीड हजार दुसऱ्या खात्यात पाठवायचे. मोबाइलवरचं यूपीआय त्या नव्या खात्याला जोडायचं आणि ओडीच्या खात्याचं काढून टाकायचं. एटीएम कार्ड ॲपमधून बंद करायचं किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यायचं.

घरखर्चाची रक्कम एकदम न पाठवता चार भाग करून दर आठवड्याला पाठवलीत तर आणखी बरं. ओडीवर व्याज रोजच्या शिल्लक कर्जावर मोजतात, त्यामुळे पैसे जितके दिवस आत पडून राहतील तितकं व्याज कमी. वरच्या आकड्यांत यानं महिन्याला नव्वदेक रुपये वाचतात. रक्कम लहान आहे, पण सोमवारी आलेले पैसे रविवारपर्यंत पुरवायचे, ही शिस्त त्याहून मोलाची. भाडं आणि गाडीचा हप्ता ज्या आठवड्यात असेल त्या आठवड्याचा भाग मोठा ठेवा. कपात ओडीच्या खात्यातूनच होत असेल तर ती तशीच राहू द्या आणि तेवढी रक्कम घरखर्चातून वजा धरा.

तीन महिन्यांनी कर्ज सात हजारांच्या आसपास खाली आलेलं असेल. त्या दिवशी शाखेत जा आणि अर्ज द्या: ‘माझ्या ओव्हरड्राफ्टची मंजूर मर्यादा १,००,००० वरून ९०,००० करावी.’ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊन पोच ठेवा. हे काम लोक टाळतात. अडीअडचणीला असू दे, वापरायची नाही म्हटलं की झालं, असं म्हणतात. पण मोकळी मर्यादा दिसत राहिली की ती वापरली जाते. शेजारी उसने मागतो, मेव्हण्याला बियाण्याला पैसे हवे असतात, सेल लागतो. आपल्याकडे नाहीतच म्हटल्यावर नाही म्हणणंही सोपं जातं. मर्यादा कमी करताना कर्ज आणि मर्यादा यांत चार-पाच हजारांचं अंतर मात्र राहू द्या, कारण महिनाअखेरचं व्याज नावे पडून खातं मर्यादेबाहेर गेलं तर दंड लागतो. काही बँका दर महिन्याला मर्यादा आपोआप घटत जाणारी ओडी देतात. तुमच्या बँकेत ती सोय असेल तर तीच मागून घ्या, म्हणजे दर तिमाहीचा हेलपाटा वाचेल.

ओडी साधारण दरवर्षी नूतनीकरणाला येते. त्या वेळी नूतनीकरणाचं शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि कधी न मागितलेला विमा अशा नोंदी पडतात. व्याजावर जीएसटी नसतो, शुल्कावर असतो. उताऱ्यातली न कळलेली प्रत्येक नोंद विचारा, आणि विमा मागितला नसेल तर त्याचे पैसे परत करायला लेखी सांगा. दंडाबद्दल एक नियम माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये आदेश काढला आणि २०२४ पासून तो लागू झाला. त्यानुसार अटी मोडल्याचा दंड व्याजदरात मिसळून घेता येत नाही, तो वेगळं शुल्क म्हणूनच लावावा लागतो आणि त्या दंडावर व्याज आकारता येत नाही. सहकारी बँकांनाही हे लागू आहे.

वरकड येणारे पैसे कुठे जातात, यावर तीन वर्षांचे अडीच होणार की नाही ते ठरतं. सरकारी आणि झेडपीच्या नोकरदारांना बहुधा जुलैत वेतनवाढ लागते, महागाई भत्त्याचा फरक मिळतो. कारखान्यात बोनस असतो. भिशीचा नंबर लागतो. वाढलेल्या पगाराची सवय व्हायच्या आत, पहिल्याच महिन्यात तेवढी रक्कम हप्त्यात मिळवा. फरकाचे किंवा बोनसचे चार आणे घरात गोडधोडाला, कपड्यांना वापरा. मुलांनी वर्षभर काटकसर सोसलेली असते. उरलेले बारा आणे ओडीत भरा आणि त्याच आठवड्यात मर्यादा खाली आणा. गाडीचा हप्ता ज्या महिन्यात संपेल, त्याच्या पुढच्या महिन्यापासून ते २,८५० ओडीकडे वळवा. आपल्या उदाहरणातल्या घराला याहून मोठी संधी दुसरी नाही: हप्ता एका दिवसात जवळपास दुप्पट होतो आणि घरखर्चातला एक रुपयाही कमी होत नाही.

काही घरांत ओडीही असते आणि मुदत ठेवही. ठेवीवर समजा ७ टक्के मिळतात आणि ओडीला १२ जातात. म्हणजे लाखामागे वर्षाला पाच हजारांचं नुकसान होतं, तरी ‘ठेव मोडायची नाही’ म्हणून ती सांभाळली जाते. दहा-पंधरा हजार दवाखान्यासाठी बाजूला ठेवून बाकीची ठेव मोडावी, असं मी स्पष्ट सांगेन. जुनी एलआयसीची पॉलिसी असेल तर तिच्या सरेंडर किमतीवर कर्ज मिळतं, आणि त्याचा दर बहुधा पगारावरच्या ओडीपेक्षा कमी असतो. पीपीएफ खातं तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात असेल, तर पीपीएफच्या दरापेक्षा फक्त १ टक्का जास्त व्याजानं त्यावर कर्ज मिळतं. ते ३६ महिन्यांत फेडायचं असतं. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या राज्य सरकारी नोकरदारांना भविष्य निर्वाह निधीतून परतावा अग्रिम घेण्याची वाट आहे. त्यानंतर लागलेल्या बहुतेकांना ती नाही.

पगारदारांच्या पतसंस्थेतून कमी दराचं कर्ज काढून ओडी भरायची, हाही मार्ग चांगला आहे, कारण त्या कर्जाला हप्ता असतो आणि तो पगारातूनच कापला जातो. पण ओडी ज्या दिवशी भरली त्याच दिवशी बंद करायची. बंद न करता ‘असू दे’ म्हणालात तर वर्षभरात पतसंस्थेचा हप्ता आणि भरलेली ओडी, दोन्ही डोक्यावर असतात. मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे, की ओडी बंद करण्याचा अर्ज सोबत नसेल तर हे कर्ज घेऊच नका, असंच सांगेन. मोबाइलवर पाच मिनिटांत पैसे देणारी ॲप आणि गावातला बिनपरवाना सावकार यांच्याकडून घेऊन तर ओडी कधीच भरू नका. सावकारानं छळ मांडला असेल, जमीन किंवा घर लिहून घेतलं असेल, तर महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करता येते.

पगारच थांबला, नोकरी गेली, आजारपण आलं, तर बँकेला तोंड चुकवू नका. ओडी सलग ९० दिवस मर्यादेबाहेर राहिली, किंवा ९० दिवसांत त्यात काहीच जमा झालं नाही, किंवा जमा झालेली रक्कम त्या काळातलं व्याजही भागवू शकली नाही, तर ते खातं थकीत कर्जात जातं. त्याआधी शाखेत जाऊन परिस्थिती लेखी द्या, मर्यादेवरची रक्कम हप्त्यांत भरण्याची मुदत मागा आणि निदान व्याजाइतकी रक्कम भरत राहा. जामीनदाराला तुम्हीच आधी सांगा. त्याची जबाबदारी तुमच्याइतकीच असते आणि बँकेच्या नोटिशीतून त्याला कळलं तर मैत्री तुटते. वसुलीचे लोक सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, तुमच्या नातेवाइकांसमोर अपमान करू शकत नाहीत. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ हा मदत क्रमांक आहे. पतसंस्थेची तक्रार तिथे चालत नाही, ती सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करावी लागते.

जनधन खात्यावर १०,००० रुपयांपर्यंत ओडी मिळालेल्या बायकांनाही हेच सांगणं आहे. रक्कम लहान आहे, तेव्हा महिन्याला पाचशेचा हप्ता ठरवा. दोन वर्षांच्या आत ती फिटते.

शेवटच्या महिन्यात, कर्ज चार-पाच हजारांवर आलं की शाखेत जाऊन त्या तारखेपर्यंतच्या व्याजासह नेमकी रक्कम विचारा, ती भरा आणि ओडी बंद करण्याचा अर्ज द्या. थकबाकी नसल्याचा दाखला मागा. ओडी घेताना दिलेले कोरे किंवा पुढच्या तारखेचे धनादेश असतील तर ते मोजून परत घ्या. दोन महिन्यांनी आपला पतअहवाल काढून त्यात खातं ‘बंद’ दिसतं का, ते पाहा. वर्षातून एकदा प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून पूर्ण अहवाल फुकट मिळतो. नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि त्या दाखल्याची एक झेरॉक्स जामीनदाराला घरी नेऊन द्या.